चर्चेच्या तासाला फोन-लॅपटॉप बाहेर : नागपुरातल्या वर्गांसाठी तपशील हवेत

खडू_फळा

सत्र सुरू व्हायच्या आधीच धागा काढतोय, म्हणजे ज्यांना करायचं आहे त्यांना तयारीला वेळ मिळेल. अकरावी-बारावीचा किंवा पदवीचा वर्ग, साठेक विद्यार्थी, ४८ मिनिटांचा तास. आठवड्यातले निदान दोन तास चर्चेचे ठेवायचे आणि त्या तासांना फोन, टॅब, लॅपटॉप, मनगटावरची स्मार्ट घड्याळं सगळं बाजूला.

बंदी चांगली की वाईट, याचं दळण इथं पुष्कळदा दळून झालंय. ते पुन्हा नको. हवाय तो तपशील: फोन ठेवायचे कुठे, परत कसे द्यायचे, त्यांच्या जागी हातात काय द्यायचं, बाक कसे फिरवायचे, आणि कुठे फसतं.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. फोन गोळा करणं हा यातला सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग आहे. फोन गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जी पोकळी होते, ती कशानं भरायची हे ठरलेलं नसेल तर पोरं वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढतात. शांतता मिळते, पण शांतता काही आपल्याला नको होती.

तिसरा_बाक

कामाला लागण्याआधी अभ्यास काय म्हणतात ते बघून घ्या. पालकसभेत कुणीतरी विचारतंच, आणि अर्धवट हवाला दिला की तोंडघशी पडायला होतं.

सगळ्यात जास्त फिरवला जातो तो म्युलर-ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास: हातानं टिपणं घेणाऱ्यांना संकल्पनांचे प्रश्न जास्त चांगले जमतात. त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवतात एवढं टिकलं, गुणांमधला ठळक फरक टिकला नाही.

त्यापेक्षा कामाचा आहे कॅनडातला २०१३ चा अभ्यास, साना, वेस्टन आणि सेपेडा यांचा. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण ११ टक्क्यांनी घसरले. पण ज्यांच्या नजरेसमोर दुसऱ्याचा पडदा होता आणि जे स्वतः कागदावरच लिहीत होते, त्यांचे १७ टक्क्यांनी. नमुना लहान आहे, प्रत्येक प्रयोगात चाळीसच्या आसपास विद्यार्थी, तेव्हा आकडे छातीठोकपणे सांगू नयेत. पण 'माझा फोन, माझं नुकसान, तुम्हाला काय' या युक्तिवादाला उत्तर यातच आहे. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या वर्गांवर मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध. संगणकाची मुभा असलेल्या वर्गांचे अंतिम परीक्षेतले गुण ०.१८ प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) कमी भरले. टॅब फक्त बाकावर आडवा, सगळ्यांना दिसेल असा ठेवायची अट घातली, तरी घसरण जवळपास तेवढीच.

आता खरी गोम. या सगळ्यांत मोजलेत ते परीक्षेतले गुण. वर्गातलं बोलणं वाढलं का, हे यातल्या कुणीच मोजलेलं नाही. म्हणून 'फोन काढले की चर्चा होते, हे सिद्ध झालंय' असं कुठेही लिहू नका.

खडू_फळा

शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. परिपत्रकाच्या मसुद्यात नेमकं तेच वाक्य घातलेलं होतं, काढतो.

सुईदोरा

फोन ठेवायच्या फलकाबद्दल, म्हणजे भिंतीवर टांगायच्या खिशांच्या कापडाबद्दल. बाजारात मिळतात ते पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक चिकट होतं, शिवणीपाशी तडकतं, आणि खिसे जुन्या छोट्या फोनांच्या मापाचे असतात. शिवून घेतलेला बरा. जाड कॅनव्हास किंवा जीनचं कापड गांधीबागेत ठोक मिळतं.

एकच मोठा फलक करू नका. साठ जण एका रांगेत, माणशी चार-पाच सेकंद धरले तरी चार-पाच मिनिटं गेली, आणि तास सुटताना तेवढीच पुन्हा. तीस-तीस खिशांचे दोन करा, फळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक.

माप असं. मोठा फोन कव्हरासकट साधारण १६.५ सेंमी उंच, ८ सेंमी रुंद, सव्वा सेंमी जाड. एका खिशाला मागच्या कापडावर ११ सेंमी जागा, पण पुढच्या पट्टीत १३.५ सेंमी कापड घ्यायचं आणि खालच्या दोन कोपऱ्यांत चुण्या घालायच्या. पुढचं कापड मागच्याएवढंच घेतलं तर खिसा सपाट होतो, फोन घट्ट बसतो, काढता-घालता अडकतो. शिवणाऱ्याकडून हमखास होणारी चूक हीच. खिशाची तयार खोली १४ सेंमी, म्हणजे फोनचं डोकं अडीच सेंमी बाहेर दिसतं आणि रिकामा खिसा लांबूनही कळतो. पाच उभ्या ओळी, सहा आडव्या, दोन आडव्या ओळींच्या तळांत १८ सेंमी अंतर. १५० सेंमी पन्ह्याचं अडीच मीटर कापड घेतलं की दोन्ही फलक बसतात.

वजन विसरू नका. कव्हरासकट फोन सव्वादोनशे ग्रॅम धरला तर तीस फोनांचे जवळपास सात किलो झाले. खिळ्यावर टांगलं की आठवड्याभरात गिलावा उखडतो. वरच्या काठाला पाच रिंगा, त्या ४ सेंमी रुंद लाकडी पट्टीला, आणि पट्टी भिंतीत प्लास्टिक गिट्टी घालून ५० मिमीच्या तीन स्क्रूंनी. सगळ्यात खालचा खिसा जमिनीपासून ६० सेंमीवर आला की वरचा सगळ्यांच्या हाताला येतो.

खिशावर नाव नको, हजेरी क्रमांक. रंगानं लिहिलेला उडतो, भरतकाम महाग, इस्त्रीनं चिकटणारे आकडे टिकतात.

महाल_दरवाजा

+१. भर: फलक दाराजवळ लावायचा नाही. मधल्या सुट्टीत कुणीही हात घालून जाईल. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तर अजिबात नाही. आयफोनच्या कंपनीनं सांगितलेली मर्यादा वापरताना ३५ अंश आणि बंद ठेवलेला असताना ४५. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथं पोचतो, उन्हाच्या तिरिपीत काय होईल ते सांगायला नको. पत्र्याच्या बंद कपाटात साठ फोन कोंबण्याची टूम निघते अधूनमधून, तिलाही हेच उत्तर.

फोन सायलेंट नव्हे, पूर्ण बंद करून ठेवायला सांगा. सायलेंटवरही गजर वाजतो, विमान मोडवरही वाजतो, आणि वाजला की कुणाचा ते शोधायला चारपाच जण उठतात.

बर्डीचा_पोट्टा

भाऊ, एवढं शिवत बसण्यापरीस जॅमर लावून द्या ना. बटन दाबलं का झालं काम. दुसरं, पोट्ट्यांचं पुस्तकच फोनात आहे. अर्ध्या लोकांजवळ छापील पुस्तक नाही, पीडीएफ आहे ग्रुपवर आलेली. फोन ठेवून घेतला तर वाचून राहतील काय, भिंत?

तिसरा_बाक

भाऊ, जॅमरचं नावच काढू नका. सरकारच्या परवानगीशिवाय खासगी संस्थेनं जॅमर लावणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागानं जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. शिवाय तो भिंत ओळखत नाही. शेजारच्या दवाखान्याचे फोनही बंद पडतील. आणि नेट नसलं तरी फोनातला गेम चालतोच.

पुस्तकाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. बहुतेक ठिकाणी फोनबंदी तिथंच फसते. फोन काढून घेतला आणि हातात काहीच दिलं नाही, तर चर्चा कशावर करायची? मग दोन-तीन वक्ते पोरं आपली तयार मतं ऐकवतात, बाकीचे घड्याळ बघतात.

झेरॉक्स_गल्ली

छापील उताऱ्याचं गणित मांडते.

४८ मिनिटांत चर्चा करायची तर उतारा ६०० ते ७०० शब्दांच्या वर नको. ए-फोरच्या एका कागदाला पाठपोट बसतो. युनिकोड अक्षर १३ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट, उजवीकडे ४ सेंमी समास मोकळा, लिहायला. दर पाचव्या ओळीला डावीकडे ओळीचा आकडा घाला. हे किरकोळ वाटतं, पण चर्चेत सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. 'सर, ते वर कुठंतरी लिहिलंय ना' याच्या जागी 'पंचविसावी ओळ बघा' येतं आणि साठ माना एकदम कागदात जातात. वर्डमध्ये ओळींचे आकडे आपोआप येतात, दर पाच ओळींनी दाखवायची सोयही तिथंच आहे. छापायच्या आधी पीडीएफ करा, नाहीतर दुकानातल्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि आकडे सरकतात.

दोघांत एक कागद द्या. खर्च निम्मा होतो हे एक. दुसरं म्हणजे दोघांना एकाच कागदावर वाकावं लागतं, जोडी आपोआप तयार होते. साठ जणांना तीस पानं, पाठपोट पानाला तीन-चार रुपये धरा, तासाला शंभर-सव्वाशेचा खर्च. तास संपल्यावर कागद परत घ्या, पुढच्या तुकडीला तेच चालतात. त्यावर पेननं लिहायचं नाही, पेन्सिलनं लिहायचं.

आणखी दोन वस्तू लागतात. भिंतीवरचं घड्याळ: आताची मुलं वेळही फोनातच बघतात, फोन गेला की दर पाच मिनिटांनी 'किती वाजले' सुरू होतं. एक समोर, शक्य असलं तर एक मागच्या भिंतीवर, शिक्षकाला दिसेल असं. आणि दोन-तीन छापील शब्दकोश, एक मराठी-मराठी, एक इंग्रजी-मराठी. ते शिक्षकाच्या टेबलावर नकोत, मधल्या बाकांवर ठेवा. टेबलापर्यंत उठून कुणी येत नाही.

खडू_फळा

ओळींचे आकडे लाख मोलाचे. तथ्य तपासायचं असलं तर काय करायचं? साल चुकलं, आकडा चुकला, तर पूर्वी कुणीतरी लगेच फोनात बघायचं.

झेरॉक्स_गल्ली

फळ्याची उजवीकडची पट्टी रेघ मारून वेगळी करा, वर लिहा 'तपासायचं'. वाद अडला की मुद्दा तिथं टाकायचा आणि पुढे जायचं. एक विद्यार्थी पाळीपाळीनं ती यादी घरी नेतो, पुढच्या तासाला पहिली दोन मिनिटं त्याची, कुठून मिळालं त्यासकट. फोनात लगेच बघण्यातला तोटा असा की पहिला सापडलेला आकडा वाद मिटवून टाकतो, मग तो बरोबर असो नसो.

अंबाझरी_बंधारा

वेळेचं कोष्टक देतो. ४८ मिनिटं अशी वाटली तर बसतात: फोन ठेवणं आणि हजेरी ४, उतारा वाचन ८, एकट्यानं लिहिणं ३, जोडीत बोलणं ४, चौघांत ७, सगळा वर्ग मिळून १५, शेवटी प्रत्येकानं दोन ओळी लिहून देणं ४, फोन परत आणि बाक जागेवर ३.

एकट्यानं लिहिण्याची ती तीन मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात, आणि तीच कापायची नसतात. ज्याच्या कागदावर निदान एक ओळ आहे तो बोलू शकतो. नुसतं 'विचार करा' म्हटलं तर जे नेहमी बोलतात तेच बोलतात. एकटा, मग जोडी, मग सगळे ही पद्धत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. जोडीनंतर चौघांची पायरी आपल्याकडे घालावी लागते, कारण साठांचा वर्ग. दोघांतून थेट साठांत उडी मारायला पोरं कचरतात.

बाक जमिनीत गाडलेले असतील तरी चौघं होतात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेनं पाठीमागे वळून बसायचं. बाकाला पाठ असेल तर वळता येत नाही, मग बाकाच्या टोकाशी आडवं बसायचं. हलणारे बाक असतील तर गोल करण्याच्या फंदात पडू नका, साठांचा गोल खोलीत मावत नाही. मधे आठ-दहा जणांचं कडं, बाकीचे बाहेरून बघणारे, दहा मिनिटांनी चार जण आत-बाहेर. बाहेरच्यांना काम द्या, नाहीतर ते गप्पा मारतात. बाहेरचा प्रत्येक जण आतल्या एकावर नजर ठेवेल: त्यानं नवं काय मांडलं, आणि दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून काय बोलला, एवढ्या दोनच रकान्यांत खुणा.

चर्चा झाली की नाही हे कळायला एक सोपं साधन आहे. एका विद्यार्थ्याला कागदावर बसण्याच्या जागांप्रमाणे वर्तुळं काढायला सांगा, शिक्षकासकट. एकानंतर दुसरा बोलला की त्या दोन वर्तुळांत रेघ. पंधरा मिनिटांनी कागद बघा. सगळ्या रेघा शिक्षकापाशी येऊन परत जात असतील, चरख्याच्या आऱ्यांसारख्या, तर ती प्रश्नोत्तरं झाली, चर्चा नाही. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर शाळेत १९३० च्या दशकापासून लंबगोल टेबलाभोवती बाराएक मुलं बसवून शिकवतात, तिथं असे नकाशे नेहमी काढतात. आपल्याकडे बारा मुलं आणायची कुठून, ते सोडा. नकाशाला बारांची अट नाही.

महाल_दरवाजा

शिक्षकाच्या थांबण्याबद्दल कुणी बोललं नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि स्वतःच बोलायला लागतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात आणि न बोलणारेही तोंड उघडतात. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबायचं, लगेच 'व्वा, छान' म्हणायचं नाही. 'छान' म्हटलं की बाकीच्यांना वाटतं उत्तर सापडलं, विषय संपला. मनात आकडे मोजा, किंवा खडू टेबलावर ठेवून पुन्हा उचला.

हिंगणा_रोड

बोलून राहिले सगळे, पण कूलरचं काय? एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात खिडकीतला मोठा कूलर पूर्ण वेगात चालू असतो. साधं बोलणं मीटरभरावर साठ डेसिबलच्या आसपास असतं. कूलरपाशी आवाज त्याच्या वर जातो. मागच्या बाकावरचा बोलला तर पुढच्याला ओठ हलताना दिसतात फक्त. शिक्षकाचा आवाज कमावलेला असतो म्हणून व्याख्यान निभतं, पोरांची आपसातली चर्चा निभत नाही. मग म्हणतात फोन काढले तरी बोलत नाहीत.

करायचं ते असं. चर्चेचा तास सकाळच्या पाळीत टाकून घ्या, वेळापत्रक लागायच्या आधी. जमलं नाही तर वाचनाच्या आणि लिहिण्याच्या अकरा मिनिटांत कूलर पूर्ण वेगात, वर्ग गार करून घ्या. सगळ्यांच्या चर्चेच्या पंधरा मिनिटांत सगळ्यात कमी वेगावर. पंप बंद करू नका, ताट्या वाळल्या की गरम हवा येते. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, नाहीतर दमट होऊन वर्ग झोपतो. मधलं कडं कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात. पंख्याचा खडखडाट बहुतेक वेळा आवाज नसून सैल झालेली जाळी असते, पाना फिरवला की निम्मा जातो.

बर्डीचा_पोट्टा

हे एकदम बरोब्बर बोलले तुम्ही 😄

अंबाझरी_बंधारा

कूलरचा मुद्दा मानला. आता प्रश्न कसा असावा याबद्दल, कारण उतारा चांगला असूनही प्रश्न वाईट असला की सगळं मुसळ केरात.

समजा राज्यशास्त्राच्या वर्गात नागपूर करार घेतला, २८ सप्टेंबर १९५३ चा, विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी नेत्यांनी केलेला. प्रश्न विचारला 'विदर्भ वेगळा व्हावा का?' वर्ग दोन तटांत फुटतो, दोन्हीकडे घरून आणलेली मतं, आणि उतारा कुणी उघडत नाही. त्याऐवजी कलमच पुढे ठेवा. शासन ठराविक काळासाठी नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन इथं होईल, असं करारात आहे. किती दिवसांचं, ते नाही. आता विचारा: सही करणाऱ्यांत तुम्ही असता, तर दिवसांचा आकडा लिहून मागितला असता का? मागितला असता तर समोरचा काय म्हणाला असता? इथं हो म्हणणाऱ्याला आणि नाही म्हणणाऱ्याला दोघांनाही कागदात बघावं लागतं, आणि वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे दोघं इथं एकमेकांच्या विरुद्ध बसू शकतात. चर्चेला लागतं ते हेच.

तपासायची खूण: प्रश्नाचं उत्तर उतारा न वाचता देता येत असेल तर प्रश्न बदला. उत्तर उताऱ्यातलं एकच वाक्य असेल तरीही बदला.

नीरी_चौक

वेगळा सूर लावते. पोरं गप्प बसतात ती फोनमुळेच, हे गृहीतक मला अर्धंच पटतं. वर्गात निम्म्यांची घरची भाषा वऱ्हाडी, काहींची हिंदी, काहींची गोंडी. व्याख्यानाची भाषा पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी. 'मले वाटते' म्हटलं की मागून हसू येतं. अशा वर्गात फोन म्हणजे लपायची जागा असते. ती जागा काढून घेताना बोलायची भीती तशीच ठेवली, तर तुम्ही त्यांना उघड्यावर आणलंत, एवढंच.

म्हणून पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून टाकावं: चर्चेत कोणत्याही भाषेत बोलायचं, व्याकरण कुणी सुधारायचं नाही, शिक्षकानंही नाही. आणि शिक्षकानं स्वतः एकदोन वाक्यं वऱ्हाडीत बोलावीत, नक्कल न करता. येत नसेल तर नको, ते फारच वाईट दिसतं.

खडू_फळा

मान्य. हे नियमांत पहिल्या क्रमांकावर घेतो, फोनच्याही वर.

सगळे बोलावेत म्हणून चिंचोके वाटायची पद्धत कुणी वापरते का? प्रत्येकाला तीन, बोललं की एक डब्यात, संपले की ऐकायचं.

नीरी_चौक

चालते, पण दोन ठिकाणी घसरते. बडबडे पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही संपवतात आणि नंतर तोंड फुगवून बसतात. लाजरे शेवटच्या दोन मिनिटांत 'मी सहमत आहे, मी सहमत आहे' करून डबा भरतात. उपाय: पहिला चिंचोका चौघांच्या गटातच खर्च झाला पाहिजे, आणि नुसत्या सहमतीला चिंचोका नाही, कारण किंवा ओळ क्रमांक जोडला तरच. तीनचार तासांनंतर चिंचोके बंद करा. कायमचे ठेवले की मोजणीच मुख्य होते.

सुगम_वाट

अपवादांबद्दल, कारण बंदी काढणारे हे शेवटी आठवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे वाजवी सोय देणं शिक्षण संस्थेवर बंधनकारक आहे, आणि त्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही येते. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, कमी ऐकू येणाऱ्याचं बोलण्याचं अक्षरांत रूपांतर करणारं ॲप, हे फोनावरच चालतं. मधुमेहाचा सेन्सर लावलेल्याचा फोन फलकावर नको. अशा सेन्सरचा ब्लूटूथचा पल्ला साधारण ६ ते १० मीटर असतो, मधे साठ जणांची शरीरं आली की त्याहून कमी. फोन त्याच्याच बाकावर, पालथा.

अडचण अशी की एकाच्याच हातात फोन राहिला तर सगळ्या वर्गाला त्याचं दुखणं कळतं. म्हणून दोन बाक 'साधनाचे' ठेवा आणि तिथं कुणीही, कारण न सांगता, बसू शकेल असा नियम करा. पहिल्या आठवड्यात फुकटे बसतात, नंतर ओसरतात, कारण तिथंही लिहून द्यायच्या दोन ओळी आणि चौघांचा गट चुकत नाही. हे बाक सगळ्यात मागे. पडदा कुणाच्या नजरेसमोर येत नाही. अक्षरं वाचून ऐकणाऱ्याला मात्र पुढे बसावं लागतं, त्याला भिंतीकडेची जागा. कमी दिसणाऱ्यासाठी तोच उतारा मोठ्या अक्षरात ए-थ्रीवर, ओळींचे आकडे तेच राहतील असं बघून. ए-फोरचं पान झेरॉक्सवर १४१ टक्के मोठं केलं की ए-थ्री होतं आणि ओळी सरकत नाहीत. १३ चं अक्षर १८ च्या वर जातं, बहुतेकांना पुरतं.

झेरॉक्स_गल्ली

१४१ टक्क्यांचं सुचलंच नव्हतं. भारी.

बर्डीचा_पोट्टा

आन् कोणी जुना बंद फोन खिशात टाकून खरा फोन बॅगेत ठेवला तर? पोट्टे काही भैताड नाहीत.

महाल_दरवाजा

टाकू द्या. खरा फोन बॅगेत आहे म्हणजे तो उघड वापरता येत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. बॅगा तपासायच्या नाहीत, ही रेघ पक्की ठेवा. तपासणी सुरू झाली की तास चोर-पोलिसाचा होतो. सव्वाशेच्या वर्गात तर फलक लावूच नये; फोन बंद करून बॅगेत, बॅगेची चेन लावून बाकाखाली, बाकावर कागद आणि पेन्सिल एवढंच. तेही चालतं. फोन बाकावर पालथा ठेवणं मात्र नको. नुसता समोर असला तरी लक्ष खातो असं दाखवणारा २०१७ चा अभ्यास आहे, त्याला नंतर उलटसुलट पुरावेही मिळालेत, पण थरथरला की हात जातो हे कळायला अभ्यास लागत नाही.

जप्ती करून फोन रात्रभर कपाटात ठेवायचा नाही. हरवला, फुटला तर भरपाई कोण देणार? त्यात शिष्यवृत्तीचा ओटीपी, घरच्यांचा फोन, सगळं त्यातच. तास संपला की परत. घरून तातडीचा निरोप असेल तर कार्यालयाचा नंबर पालकांना आधी कळवून ठेवा आणि शिपायानं चिठ्ठी वर्गात आणायची. तो नंबर खरंच कुणी उचलतं का, ते आधी स्वतः लावून बघा.

शिक्षकाचा फोनही त्याच फलकावर, पहिल्या खिशात. हजेरी ॲपवर घ्यावी लागत असेल तर कागदावर घेऊन नंतर भरा.

तिसरा_बाक

नियम लिहिताना आधार काय द्यायचा, असं कुणी विचारलं तर: सीबीएसईच्या शाळांसाठी मोबाइलबद्दलचं २००९ चं परिपत्रक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सरसकट बंदी नको, पण वर्गात वापर नको, शक्य तिथं फोन जमा करून घ्यावेत अशा अर्थाची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. महाविद्यालयांना ती थेट लागू नाहीत. तिथं प्राचार्यांचं परिपत्रक आणि विभागाचा ठराव, आणि ठरावात 'चर्चेचे तास' असा स्पष्ट उल्लेख. सगळ्या तासांना लावायला गेलात तर पहिला विरोध स्टाफरूममधूनच येईल.

खडू_फळा

मसुदा आठवड्याभरात टाकतो. सुईदोरा, फलक शिवायला देताना चुण्यांचं शिंप्याला समजावता यावं म्हणून एका खिशाचा कागदी नमुना कापून त्याचा फोटो टाकाल का? तोंडी सांगितलं की सपाटच शिवून देतात.

सुईदोरा

टाकते. नमुना जाड कागदाचा करा, आणि शिंप्याकडे जाताना कव्हर घातलेला मोठा फोन सोबत न्या. पहिला खिसा तिथंच उभं राहून शिवून घ्या, फोन घालून बघा, मगच बाकीचे.